हत्यार घडवायचंय? आधी दगड पारखायला शिका

अश्मयुगीन पद्धतीने दगडाची पाती, टोकं, तासण्या घडवायला सुरुवात करणारे बहुतेक जण पहिले काही महिने स्वतःच्या हातालाच दोष देत बसतात. ठोका चुकला, कोन चुकला, गोटा जड झाला. पण पुष्कळदा दोष मांडीवरच्या दगडातच असतो. आतून तडकलेला किंवा भरड कणांचा दगड मुरलेल्या कारागिरालाही दाद देत नाही. इंग्लंडमधल्या ग्राइम्स ग्रेव्हज या नवाश्मयुगीन खाणीत साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी चारशेहून जास्त विहिरीवजा खड्डे खणले, त्यातले काही 12 मीटरपेक्षाही खोल. वाटेत फ्लिंटचे, म्हणजे चकमकीच्या कठीण दगडाचे, दोन थर लागत होते. तरीही ते मागे टाकून ती माणसं तिसऱ्या, सगळ्यात खालच्या थरापर्यंत गेली, कारण उत्तम दगड तिथे होता. एवढी मेहनत कोणी हौसेखातर करत नाही.

म्हणून हा लेख ठोके कसे मारायचे याबद्दल नाही. त्याआधीच्या कामाबद्दल आहे.

दगडाकडून काय हवं

तुमच्या ठोक्याने सुरू झालेली भेग तुम्ही ठरवलेल्या दिशेने जायला हवी. एवढीच अपेक्षा, पण ती पुरी करणारे दगड थोडे. काचेवर छर्रा लागला की मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा तुकडा निघतो. जोर एका बिंदूपासून शंकूसारखा पसरतो आणि काचेला कुठलीच दिशा आवडती-नावडती नसल्यामुळे भेगही तशीच पसरते. हत्यारासाठी हवा असलेला दगडही असाच फुटतो. फुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित खोलगट किंवा फुगीर असतो आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा वलयाकार लाटा दिसतात. भूशास्त्राच्या पुस्तकात याला शंखाभ भंजन म्हणतात.

ग्रॅनाइट का चालत नाही? तो कठीण आहे, पण त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक असे वेगवेगळ्या खनिजांचे डोळ्याला दिसणारे कण आहेत. भेग एका कणाच्या कडेने दुसऱ्या कणाकडे भरकटत जाते. स्लेटमध्ये पापुद्रे ठरलेले, कॅल्साइटमध्ये फुटायची प्रतलं ठरलेली. तिथे तुमचं काही चालत नाही. चांगला दगड कठीण हवा, ठिसूळ हवा, सगळीकडून एकसारखा हवा आणि त्याचे कण इतके बारीक हवेत की नुसत्या डोळ्यांना दिसूच नयेत. ‘ठिसूळ’ शब्दाने बिचकू नका. ठोका खाऊन चेपणारा, भुगा होणारा दगड आपल्या उपयोगाचा नाही. तडकून स्वच्छ वेगळा होणारा दगड हवा.

कोणकोणते दगड चालतात

फ्लिंट आणि चर्ट ही सख्खी भावंडं. दोन्ही सूक्ष्म कणांच्या क्वार्ट्झची बनलेली. खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या, थरांत सापडणाऱ्या, बहुधा गडद रंगाच्या गोळ्यांना फ्लिंट म्हणायची पद्धत आहे. इतर चुनखडकांत आणि सागरी गाळात जे सापडतं ते चर्ट. यातली सिलिका (क्वार्ट्झ जिचा बनतो ते द्रव्य) मुख्यतः समुद्री स्पंजांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या सांगाड्यांतून आलेली. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहस् मापनावर तो 7 च्या आसपास. रंग काळा, राखाडी, मधासारखा, तपकिरी, लाल, काहीही असू शकतो. रंगावरून दगडाची प्रत ठरवायला गेलात तर फसाल. एकाच थरातला एक गोळा लोण्यासारखा सुटतो आणि त्याच्या शेजारचा चुरा होतो.

अकीक, कॅल्सेडनी आणि जॅस्पर हीसुद्धा क्वार्ट्झचीच रूपं. बेसाल्टच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार होतो. दख्खनच्या लाव्हा थरांत तो भरपूर आहे आणि तिथल्या नद्यांच्या गोट्यांतही येतो. अडचण आकाराची. गोटे लहान, मध्ये पोकळी, पोकळीत स्फटिकांचे दात. त्यामुळे अशा प्रदेशात पूर्वी इवल्याशा पात्यांची हत्यारं जास्त घडवली गेली, यात नवल नाही. नवख्याने अकिकापासून सुरुवात करू नये असं माझं मत. तो चिवट असतो, ठोका जोराचा लागतो आणि जोर वाढला की हात बिघडतो.

ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच. सिलिकायुक्त दाट लाव्हा स्फटिक वाढायच्या आत थिजला की ती बनते. फोडायला सर्वांत सोपी, आणि धार अशी की शस्त्रक्रियेचं पोलादी पातंही तिच्यापुढे बोथट ठरतं. कठीणपणा मात्र 5 ते 5.5 एवढाच, त्यामुळे धार पटकन जाते. त्यात पांढरे फुलोऱ्यासारखे ठिपके असले तर तो तुकडा शोभेला ठेवा. ते ठिपके म्हणजे काचेत वाढू लागलेले स्फटिक, आणि भेग तिथे अडखळते.

याशिवाय बारीक कणांचा बेसाल्ट, रायोलाइट (सिलिकायुक्त लाव्हाचा खडक), सिलक्रीट (सिलिकेने सांधलेली माती-वाळू), बारीक क्वार्ट्झाइट (क्वार्ट्झची वाळू एकजीव होऊन बनलेला खडक), सिलिका भरलेलं अश्मीभूत लाकूड. ही दुसरी फळी. मोठी, जाड हातकुऱ्हाड करायची असेल तर क्वार्ट्झाइट आणि बेसाल्ट उत्तम काम देतात. नाजूक टोकांसाठी त्यांच्या नादी लागू नका. आणि शिरांमध्ये सापडणारी पांढरी दुधी गार? ती सगळीकडे मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्यात जुन्या भेगांचं जाळं असतं. लाखो वर्षं माणसांनी तीही वापरली, कारण दुसरं काही नव्हतं. तुमच्यावर ती वेळ असेलच असं नाही.

आधी नकाशा, मग पायपीट

भूशास्त्रीय नकाशा मिळवा. अनेक देशांचे असे नकाशे त्यांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांमार्फत मिळतात. त्यात शोधायच्या गोष्टी मोजक्या: खडू, चुनखडक आणि त्याच्यासारखाच डोलोमाइट (फ्लिंट, चर्टसाठी), पोकळ्या असलेले बेसाल्ट (अकीक, जॅस्परसाठी), रायोलाइटचे तरुण ज्वालामुखी (ऑब्सिडियनसाठी). ‘तरुण’ मुद्दाम म्हटलं. काच हळूहळू पाणी शोषते, तिच्यात स्फटिक वाढू लागतात आणि भूशास्त्रीय काळाच्या मानाने ती लवकरच काच राहत नाही. कोट्यवधी वर्षं जुन्या लाव्हात धडधाकट ऑब्सिडियन क्वचित सापडते.

चुनखडक झिजतो, चर्ट झिजत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी शोध निम्मा होतो. भोवतालचा खडक विरघळून गेला की चर्टचे गोळे पृष्ठभागावर उघडे पडून राहतात. सिंधमधल्या रोहरी टेकड्या हे याचं ठळक उदाहरण: सपाट माथ्याच्या चुनखडकाच्या टेकड्या आणि त्यांवर पसरलेले चर्टचे गोळे. पुराश्मयुगापासून हडप्पा काळापर्यंत तिथे दगड उचलला आणि घडवला गेला.

प्रत्यक्ष जागा म्हणाल तर नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूचे गोट्यांचे पट्टे, ओढ्यांचे संगम, कड्यांच्या पायथ्याचा ढिगारा, खडूच्या कड्यांखालचे समुद्रकिनारे, रस्त्यासाठी कापलेल्या दरडी. नदीचा एक फायदा असा की तिने तुमच्याआधी निवड केलेली असते. तडे गेलेले गोळे प्रवासात फुटून जातात, उरतात ते दणकट. तोटा असा की प्रवास जितका लांबचा तितका गोटा लहान आणि गोल, आणि पूर्ण गोल गोटा उघडणं नवख्याचं काम नव्हे. म्हणून गोट्यांत एखादा चांगला दगड दिसला की प्रवाहाच्या उलट दिशेने चाला. प्रत्येक संगमापाशी दोन्ही फाटे तपासा आणि ज्या फाट्यात तो दगड दिसेल तो धरा. गोटे मोठे आणि कंगोरेदार होत गेले तर मूळ थर जवळ येतोय. ते अचानक दिसेनासे झाले तर तुम्ही थर ओलांडून पुढे आलात. मागे फिरून दोन्ही काठांचे चढ बघा.

परवानगी

जमीन कोणाची हे आधी विचारा. खाजगी असेल तर मालकाला, सरकारी असेल तर संबंधित खात्याला. राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित स्थळं सरळ वर्ज्य. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधला ऑब्सिडियन क्लिफ किंवा टेक्सासमधलं अलिबेट्स फ्लिंट क्वारीज ही या विषयातली तीर्थक्षेत्रं, पण तिथून खडाही उचलायचा नसतो.

याहून नाजूक बाब पुरातत्त्वीय स्थळांची. चांगला दगड तुमच्याआधी कोणीतरी शोधलेला असण्याची शक्यता दाट आहे. जमिनीवर एकाच जागी पुष्कळ पातळ ढलप्या पडलेल्या दिसल्या, त्यांच्या एका टोकाला ठोक्याखालचा फुगवटा असला, एखाद्या दगडावरून चारी बाजूंनी ढलप्या काढलेल्या दिसल्या, तर थांबा. ती खाण नव्हे, कुणाची तरी जुनी कार्यशाळा आहे. काही उचलू नका, तिथे दगड फोडून बघू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. तिथे तुम्ही एक ढलपी पाडली तरी पुढच्या संशोधकाच्या पुराव्यात भेसळ होते.

हातात घेऊन पारख

आधी साल बघा. फ्लिंटच्या गोळ्यावर बहुधा पांढरट, खडूसारखी साल असते. नदीतल्या गोट्यावर ती घासून गेलेली असते आणि तिच्या जागी नखाने कोरल्यासारख्या बारीक अर्धचंद्राकृती खुणा दिसतात. गोटे एकमेकांवर आपटल्याच्या त्या खुणा. खुणा असल्या म्हणून दगड टाकून देऊ नका. एवढ्या ठोक्यांना तो फुटला नाही, आणि न फुटता ठोक्याची खूण इतकी नेटकी उमटली याचा अर्थ कण बारीक आहेत. काम करताना तो वरचा थर मात्र आधी काढून टाकावा लागतो.

मग तो ओला करा. ओल्या दगडाचा खरा रंग आणि पोत दिसतो, पण खरी गंमत तो सुकताना असते. पृष्ठभाग सुकत येतो तेव्हा भेगांत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि केसाएवढी काळपट रेघ उमटते. अशी एक रेघ आरपार गेली असेल तर दगड तिथेच दुभंगणार. या परीक्षेला थोडा वेळ लागतो म्हणून लोक ती टाळतात आणि नंतर तासभर काम झाल्यावर दगडाचे दोन तुकडे बघत बसतात.

आवाज ऐका. दगड मुठीत आवळू नका, उघड्या हाताच्या बोटांवर तोलून धरा आणि लहान गोट्याने हलकेच वाजवा. स्वच्छ, वरच्या पट्टीतला, किंचित रेंगाळणारा आवाज आला तर आत भेगा नाहीत असं धरून चाला. बद्द आवाज आला तर आत तडा किंवा पोकळी. लांबट, चपट्या तुकड्यांत ही परीक्षा छान चालते. गोलसर दगड मुळातच कमी वाजतात, त्यांना त्यावरून नापास करू नका. जमिनीवर पडलेला दगड तर वाजवूच नका, माती आवाज खाते.

चाकूचं पोलादी टोक ओढून बघा. क्वार्ट्झच्या घराण्यातला दगड असेल तर ओरखडा उठत नाही, उलट दगडावर धातूची राखाडी रेघ उमटते. चुनखडक असेल तर पांढरी पूड निघते. शंका राहिली तर त्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाका. चुनखडकाची पूड बारीक बुडबुडे सोडते. रंगाने चर्टसारख्या दिसणाऱ्या बारीक कणांच्या चुनखडकाची लबाडी इथे उघडी पडते. डोलोमाइट मात्र व्हिनेगरला फारशी दाद देत नाही, म्हणून ओरखड्याची परीक्षा आधी.

कोपरा उडवून बघा

वरच्या सगळ्या परीक्षा या अंदाज आहेत. निकाल एकाच गोष्टीने लागतो: ताज्या फुटलेल्या पृष्ठभागाने. दगड जागेवरच थोडासा फोडून बघितल्याशिवाय तो वाहून नेऊ नका. अर्थात परवानगी असलेल्या जागीच.

तयारी आधी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड चामड्याचा हातमोजा, पायात बंद बूट, आणि सोबत्याला लांब उभं करा. लोखंडी हातोडा वापरू नका. त्याच्या ठोक्याने चांगल्या दगडातही नवे तडे पडतात आणि हातोड्याचीच कपची उडून इजा होऊ शकते. क्वार्ट्झाइटचा किंवा कठीण वालुकाश्माचा, मुठीत नीट बसणारा गुळगुळीत गोटा घ्या.

दगडाची अशी कड शोधा जिथे दोन बाजू काटकोनापेक्षा कमी कोनात मिळतात. गोलसर किंवा बोथट जागी मारलेला ठोका नुसता घाव घालतो, ढलपी सुटत नाही. कडेपासून काही मिलिमीटर आत, एकच नेमका ठोका मारा. चाचरत दहा वेळा टकटक केलंत तर तेवढे दहा अर्धवट शंकू दगडात तयार होतील आणि पुढे त्रास देतील.

सुटलेली ढलपी उचला आणि तिची आतली बाजू उजेडात तिरकी धरा. ठोक्याच्या बिंदूखाली गुळगुळीत फुगवटा दिसायला हवा. तिथून निघालेल्या लाटा सलग आणि एकसारख्या हव्यात, त्यांना छेदणाऱ्या बारीक रेषा ठोक्याच्या बिंदूकडे रोखलेल्या हव्यात. दुसरं टोक पातळ होत होत संपायला हवं. लाटा मध्येच मोडून पायरी पडली असेल तर तिथे भेग किंवा परका कण आहे. ठोका चुकल्यानेही पायरी पडते, म्हणून शंका असेल तर दुसऱ्या बाजूने आणखी एक ढलपी काढा. दोन्हीकडे तेच दिसलं तर दोष दगडाचा.

चमक बघा. ऑब्सिडियनची काचेसारखी, चांगल्या चर्टची मेणचट. फुटलेल्या भागावर खडीसाखरेसारखी बारीक चमचम दिसली तर कण मोठे आहेत. दगड जोर मागेल आणि धार खडबडीत येईल. नख पृष्ठभागावरून फिरवा. अडकलं नाही तर उत्तम. नख सपाट बाजूवरूनच, कडेवरून बोट फिरवायचा मोह नको, ती कड खरोखरच कापते. शेवटी ढलपीची पातळ कड सूर्याकडे धरा. उत्तम फ्लिंट, कॅल्सेडनी आणि ऑब्सिडियनच्या कडेतून प्रकाश झिरपतो. जॅस्परमधून झिरपत नाही, तरी जॅस्पर चांगला असू शकतो.

नेहमी आढळणारे दोष

उन्हात, थंडीत उघडा पडलेला दगड वरून छान दिसतो आणि आतून थकलेला असतो. गोठण्या-वितळण्याने पडलेल्या तड्यांचे पृष्ठभाग निस्तेज असतात आणि त्यांवर ठोक्याचा बिंदू कुठेच सापडत नाही. आगीत सापडलेल्या दगडावर बारीक जाळी पडते आणि वाटीच्या आकाराचे गोल टवके उडालेले असतात. दोन्ही टाकून द्या. शक्य तेव्हा अर्धवट मातीत गाडलेला, ओलसर गोळा निवडा. शिंपल्यांचे अवशेष, स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या, सालीसारखे मऊ पांढरे डाग कडेला असतील तर चालवून घेता येतं, मधोमध असतील तर नाही. रंगाचे पट्टे असले म्हणजे दोषच असं मात्र नाही. भेग पट्ट्यातून न अडखळता पार झाली तर तो पट्टा फक्त रंगाचा.

फसव्या दगडांत भट्टीतली मळी सगळ्यात वरची. जुन्या धातुभट्ट्यांच्या परिसरात काळी, निळी, हिरवी काचेरी मळी सापडते आणि लोक तिला ऑब्सिडियन समजून घरी आणतात. तिच्यात गोल बुडबुडे आणि कधीकधी धातूचे किंवा कोळशाचे कण असतात. सरावाला ती वाईट नाही, फक्त नाव खरं सांगा.

किती मोठा, कोणत्या आकाराचा

नवख्यांना मोठे दगड आवडतात. मोठा दगड घरी नेईपर्यंत हात दुखतात आणि तो उघडायला लागणारं तंत्र अजून यायचं असतं. तळहाताएवढा, दोनतीन बोटं जाड, चपटा, एखादी धारदार कड आधीच असलेला तुकडा घ्या. मोठ्या गोळ्याच्या फुटलेल्या जाड ढलप्या मिळाल्या तर त्याहून उत्तम, त्यांना ठोकायच्या कडा तयार असतात. अंड्याएवढ्या गोल गोट्यांसाठी वेगळी रीत आहे: खाली सपाट दगड ठेवून त्यावर गोटा उभा धरून वरून ठोकायचा. त्यात बोटं ठेचतात, म्हणून ती सध्या बाजूला ठेवा.

चर्ट थोडा चिवट निघाला तर तापवून सुधारता येतो. साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत अगदी सावकाश तापवायचा आणि तितकाच सावकाश थंड करायचा. चमक वाढते, आणि लोह असेल तर रंग लालसर होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंट इथे सिलक्रीट असं तापवल्याचा पुरावा 72,000 वर्षांपूर्वीचा आहे. घाई केली किंवा दगडात ओल राहिली तर तो तापता-तापता फुटतो आणि तुकडे उडतात. ऑब्सिडियनला याची गरज नसते. आणि आतून तडकलेला दगड तापवून सांधला जात नाही.

घरी आणल्यावर

प्रत्येक तुकड्यावर जागा आणि तारीख लिहा, नाहीतर चांगला दगड कुठला होता ते सहा महिन्यांनी आठवत नाही. फोडायचं काम उघड्यावर, वारा पाठीशी किंवा बाजूने घेऊन करा. क्वार्ट्झच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात बंदुकीचे चकमकी दगड घडवणाऱ्या कारागिरांना बंद खोल्यांत काम करून तो जडत असे. चांगल्या दर्जाचा धूळरोधक मास्क लावा, जागा कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून गोळा करा, आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

पडलेल्या ढलप्या शेतात किंवा नदीकाठी टाकू नका. त्या खऱ्या, प्राचीन ढलप्यांपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. गाडायच्याच झाल्या तर त्यांत चालू सालाचं एखादं नाणं टाका. अनेक घडवणारे तसंच करतात, म्हणजे उद्या कोणी खणलं तर ढीग कोणत्या काळातला ते लगेच कळतं.